एक मेचे झेंडावंदन आणि नातवाची काळी फीत

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहोत.

त्यांचे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक असून त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. दर वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनाला, ते कडक धुतलेले धोतर आणि टोपी घालून घरातल्या सगळ्यांना शाळेच्या झेंडावंदनाला नेतात. दुपारी शेतातल्या आंब्याखाली रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याची भाजी, आमरस आणि सरगुंडे असे जेवण होते आणि त्यासाठी सासरी गेलेल्या नणंदा मुलाबाळांसह येतात. जेवणाची ही पद्धत सासूबाईंनी घातली. शाळेचा निकाल लागून गुरुजी मोकळे झाले की लेकींना माहेरी बोलवायचे, असा त्यांचा शिरस्ता होता. त्या आता नाहीत. गेल्या वर्षी पत्रलेखिकेचा शहरात शिकणारा मुलगा वेगळ्या विदर्भ राज्याच्या मागणीसाठी शर्टावर काळी फीत लावून झेंडावंदनाला आला आणि राज्यगीत सुरू होताच मैदानाबाहेर निघून गेला. “आबाजी, हा दिवस आपला नोहे,” एवढेच तो घरी येऊन म्हणाला. आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. गावात कोणीतरी मुलाला ‘देशद्रोही’ म्हटले आणि तो शब्द घरापर्यंत पोहोचला. यंदा सासऱ्यांनी सांगून टाकले आहे की, फीत लावून येणार असेल तर मी शाळेत जाणार नाही. मुलगा फीत काढायला तयार नाही आणि पती मध्ये पडायला तयार नाहीत. मुलाला माफी मागायला लावू, की यंदा सगळा कार्यक्रमच रद्द करू, असे त्या विचारतात. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: “मला तसंही झेंडावंदन कधी पाहायला मिळत नाही, पहाटेपासून मी रोडग्यांच्या तयारीत असते.”

ताई,

तुमच्या पत्रातला जो शब्द तुमच्या मनाला सर्वांत जास्त लागलेला दिसतो, त्याचा निकाल आधी लावू या. तुमचा मुलगा देशद्रोही नाही. तुमच्याच जिल्ह्यातले वणीचे लोकनायक बापूजी अणे यांचे नाव तुमच्या सासऱ्यांना नक्की ठाऊक असणार. १९३० साली पुसदच्या जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून ते तुरुंगात गेले आणि स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. तेच बापूजी अणे वेगळ्या विदर्भ राज्याचे खंदे पुरस्कर्ते होते. त्यांच्या देशभक्तीबद्दल कोणी शंका घेतली नाही आणि घेण्याचे कारणही नव्हते, कारण देशात कोणती राज्ये असावीत हा प्रश्न आपल्या राज्यघटनेने मोकळा ठेवला आहे. तिसऱ्या अनुच्छेदानुसार संसद नवे राज्य निर्माण करू शकते. त्याच वाटेने २००० साली छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड झाले आणि २०१४ साली तेलंगण झाले. तेथील लोक त्या आधी किंवा नंतर कमी भारतीय ठरले नाहीत. गावात ज्यांनी तो शब्द वापरला, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, परंतु तुमच्या घरात तो शब्द कोणाच्याही तोंडी येणार नाही एवढे मात्र पाहा. एकदा असा शब्द उंबऱ्याच्या आत आला की मूळ विषय बाजूला राहतो आणि पोर फक्त स्वतःचा बचाव करत बसते.

आता झेंड्याबद्दल. महाराष्ट्राला स्वतःचा वेगळा राज्यध्वज नाही. १ मे रोजी तुमच्या गावच्या शाळेत जो झेंडा चढतो तो तिरंगाच असतो, २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला चढतो तोच. म्हणून त्या खांबासमोर उभे राहणे म्हणजे विदर्भ महाराष्ट्रात घालण्याच्या १९६० सालच्या निर्णयाला संमती देणे, असा जो अर्थ तुमच्या मुलाने मनाशी धरला आहे, तो तपासून पाहण्यासारखा आहे. त्याला विदर्भ हवा आहे तोही याच झेंड्याखाली हवा आहे. हीच गोष्ट सासऱ्यांच्या बाजूनेही खरी आहे. नातू राज्यगीताच्या वेळी निघून गेला, राष्ट्रगीताच्या वेळी नव्हे, असे तुम्ही लिहिले आहे. हा फरक त्याने जाणूनबुजून ठेवला असेल, तर आजोबांना तो शांतपणे दाखवून द्यायला हवा. निघून जाण्याचे मी समर्थन करत नाही. दुसऱ्याला प्रिय असलेले गीत सुरू असताना जागेवर स्थिर उभे राहणे ही साधी सभ्यता आहे आणि त्यासाठी गीताच्या प्रत्येक शब्दाशी सहमत असावे लागत नाही. शिवाय २०२३ पासून जे गीत राज्यगीत म्हणून गायले जाते, ते लिहिणारे कवी राजा बढे हे नागपूरचेच होते, हेही मुलाला माहीत असू द्या. ते गीत आपल्यावर बाहेरून कोणी लादले, असे निदान विदर्भाच्या माणसाने म्हणू नये.

काळ्या फितीने कायदा मोडला का, हेही तुम्ही भीत भीत विचारले आहे. राष्ट्रीय प्रतीकांच्या अवमानाबाबतचा १९७१ चा कायदा ध्वज जाळणे, फाडणे, विद्रूप करणे, पायदळी तुडवणे अशा कृत्यांबद्दल आहे. शर्टावर फीत लावल्याने तिरंग्याला काही झाले नाही. ध्वजसंहितेत एक स्पष्ट नियम आहे की राष्ट्रध्वजाच्या वर किंवा शेजारी बरोबरीने दुसरा कोणताही झेंडा वा पताका लावायची नाही, तेव्हा त्याच्या मित्रांपैकी कोणाच्या मनात शाळेच्या आवारात काळा झेंडा लावायचे असेल तर ते मात्र आधीच थांबवा. बाकी हा प्रश्न कायद्याचा कमी आणि औचित्याचा जास्त आहे, आणि औचित्य घरात बोलून ठरवता येते.

तुम्ही माफीचा विचार करता आहात, कारण सासऱ्यांचा अपमान झाला असे तुम्ही गृहीत धरले आहे. त्यांना दुःख झाले, हे खरे. पण ते कशाचे झाले, हे घरात कोणी त्यांना विचारल्याचे तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. १९६० साली ते शाळेत शिकणारे पोरगे होते. त्या आधीचा काळ डोळ्यांसमोर आणा: १९५६ पर्यंत आपला भाग जुन्या मध्य प्रदेशात होता, नागपूर त्याची राजधानी होती आणि हिंदी व मराठी अशा दोन भाषांमध्ये कारभाराची ओढाताण चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि तिथे सोबतीला गुजराती आली. मराठी माणसांचे एक राज्य व्हावे म्हणून त्या वर्षांत झालेल्या लढ्यात शंभराहून अधिक लोकांचे प्राण गेले. मग १ मे १९६० उजाडला. १९६४ साली मराठीला राजभाषा करणारा कायदा झाला आणि पुढे या गृहस्थांनी अख्खी हयात खेड्यातल्या पोरांना मराठी शिकवण्यात घालवली. त्यांच्या दृष्टीने तो दिवस त्यांच्या भाषेचा आहे आणि त्यांच्या नोकरीचाही. ज्या विषयात मी आयुष्य घातले त्याला माझ्याच नातवाने पाठ दाखवली, असे त्यांना वाटले असेल, तर “चुकलो” या एका शब्दाने त्याची भरपाई होणार नाही. सक्तीने म्हटलेला “चुकलो” तर मास्तरांना लगेच ओळखू येतो. वर्गात त्यांनी तो हजारदा ऐकला आहे.

मुलाचेही ऐकून घ्यायला हवे, आणि केवळ तरुण आहे, रक्त गरम आहे, असे म्हणून त्याचे म्हणणे झटकून टाकणे योग्य नाही. त्याच्यामागे कागद आहेत. राज्य पुनर्रचना आयोगाने, म्हणजे फाजल अली आयोगाने, १९५५ साली विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस केली होती आणि ती मान्य झाली नाही. त्या आधी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात विदर्भाला निधी, नोकऱ्या आणि शिक्षण यांत न्याय्य वाटा देण्याचे व विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे ठरले होते. अधिवेशन बहुतेक दर हिवाळ्यात भरते. वाट्याबद्दलची तक्रार मात्र इतकी खरी निघाली की अनुशेष, म्हणजे विकासात मागे पडलेल्या भागांची तूट, मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल १९८४ साली आला. मागे पडलेल्या भागांना त्यांचा वाटा मिळावा म्हणून १९९४ साली वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी, महाराष्ट्र दिनाच्या आदल्याच दिवशी, त्यांची मुदत संपून गेली. ज्या जिल्ह्याचे नाव कापसाबरोबर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी घेतले जाते, त्या जिल्ह्यात वाढलेल्या पोराला हे वाचून राग येत नसेल, तर मला त्याची अधिक काळजी वाटली असती. त्याच वेळी त्याने हेही लक्षात घ्यावे की, १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षे या राज्याचे मुख्यमंत्रिपद ज्या वसंतराव नाईकांकडे होते ते पुसदकडचेच, म्हणजे त्याच्याच जिल्ह्यातले होते. विदर्भाचे नुकसान सगळे मुंबईने आणि पश्चिम महाराष्ट्राने केले, असे सरळ गणित मांडता येत नाही. त्यात आपल्याच नेत्यांचे, आपल्याच मतदानाचे हिशेब येतात. हा भाग आजोबांपेक्षा चांगला कोण सांगेल? त्यांनी तो सगळा काळ डोळ्यांनी पाहिला आहे.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, एप्रिलमध्येच, एक मेच्या पुष्कळ आधी, आजोबा आणि नातू यांची एकांतात गाठ घालून द्या. मध्ये तुम्ही नको, नणंदा नकोत, आणि “समजावून सांगायला” आलेला शेजारी तर मुळीच नको. मुलाला सांगा की आबाजींना फक्त एक गोष्ट विचार: १९६० च्या एक मेला तुम्ही कुठे होता आणि गावात काय झाले? आणि ते बोलत असताना मध्ये वाद घालू नकोस. संध्याकाळी उन्हाची तलखी उतरल्यावर अंगणात खाट टाकून बसले की वडीलधारी माणसे बोलतात, त्यांना फक्त कोणीतरी विचारावे लागते. दुसऱ्या दिवशी आजोबांनी नातवाकडून नागपूर करार समजून घ्यावा. निवृत्त शिक्षकाला एखाद्या पोराने मुद्दे मांडून दाखवलेले आवडत नाही, असे सहसा होत नाही. त्यांचे एकमत होणार नाही. ते व्हावे अशी अपेक्षा तुम्हीही धरू नका. नातवाला माझ्या शाळेचा, माझ्या झेंड्याचा तिटकारा आहे, हा आजोबांच्या मनातला गैरसमज आणि आजोबांना विदर्भाच्या हलाखीचे काहीच वाटत नाही, हा मुलाच्या मनातला गैरसमज, एवढे दोन जरी निघाले तरी एक मेची सकाळ निभावून जाईल.

फितीचे काय करावे? माझे मत विचारता, तर झेंडावंदनाच्या अर्ध्या तासापुरती ती खिशात असावी. शाळेच्या मैदानात लहान मुले रांगेत उभी असतात, त्यांच्यातल्या पुष्कळांना दुसरे काही नाही तरी तो खाऊ मिळण्याचा आणि प्रगतिपुस्तक हाती पडण्याचा दिवस असतो, आणि तो कार्यक्रम त्यांचा आहे. निषेधासाठी तहसील कार्यालय आहे, जिल्ह्याचे ठिकाण आहे आणि त्या दिवशी तेथे विदर्भवादी मंडळी जमतही असतात. सकाळी आठच्या सुमारास झेंडावंदन करून दहा वाजता फीत लावून तिकडे जायला मुलाला कोणी अडवू नये. आजोबांनीही नाही. हीच तडजोड तुम्ही त्यांच्यापुढे ठेवा. नातवाने शाळेचा मान राखायचा आणि आजोबांनी नातवाच्या मताचा.

याहून अधिक उपयोगाची जागा मात्र शाळेच्या भिंतीपलीकडेच आहे, आणि तिकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आपल्याकडे अनेक गावांत १ मे रोजीच ग्रामसभा असते. अठरा वर्षे पूर्ण झालेला, गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, म्हणजे तुमचा मुलगाही आहे. गावाच्या पाझर तलावाची दुरुस्ती का रखडली, पीकविम्याचे पैसे कोणाचे अडले, शेतांकडे जाणारा पांदण रस्ता कागदावर झाला की जमिनीवर, असा एक नेमका प्रश्न त्याने आधी ग्रामपंचायतीकडे लेखी द्यावा, सभेत उभे राहून विचारावा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावे. अनुशेषाची चर्चा मोठमोठ्या आकड्यांत होते, पण तो भोगावा लागतो तो याच पांदण रस्त्यावर. आजोबांना अर्ज लिहिण्यात मदत करायला सांगा. गुरुजींचे अक्षर आणि शुद्धलेखन दोन्ही कामी येईल. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तीत तुम्हीही जा.

आता तुमच्याबद्दल. पत्राची शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, पण मी ती पुन्हा पुन्हा वाचली. घरात सगळा वाद चालू आहे तो झेंडावंदनाला कोण कसे येणार याचा. या घरातली एक बाई लग्न झाल्यापासून तिथे पोहोचलीच नाही, याबद्दल मात्र कोणी एक दिवस जेवण सोडल्याचे दिसत नाही. मी हे कोणाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. एक मे हा कामगार दिनही आहे, १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी जो लढा दिला त्याच्या स्मरणाचा. तुमचे काम पहाटे चारला सुरू होते. कणीक मळणे, गोवऱ्या रचणे, वांगी चिरणे, आंबे पिळणे, आणि त्याआधी चैत्रात काडीवर पीठ वळून सरगुंडे करून ठेवणे, हे सगळे जमेला धरले तर तुमची परंपरा मुख्यतः तुमच्या आणि तुमच्या जावेच्या हातांवर उभी आहे.

म्हणूनच कार्यक्रम रद्द करू नका, त्याची वेळ बदला. ही पद्धत सासूबाईंनी घातली ती लेकी माहेरी याव्यात म्हणून. झेंडावंदन आणि जेवण एकाच दिवशी आले ते शाळेच्या निकालामुळे, देशभक्तीच्या हिशेबाने नव्हे, हे तुम्हीच लिहिले आहे. तेव्हा जेवण दुपारऐवजी संध्याकाळी ठेवले तर परंपरा मोडत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. ऐंशी वर्षांच्या माणसाला सकाळच्या उन्हात मैदानात उभे करून पुन्हा भर दुपारी शेतात नेणे आणि तुम्ही पेटत्या गोवऱ्यांशेजारी बसणे, यात शहाणपण नाही. झेंडावंदनाला त्यांच्यासाठी सावलीत खुर्ची आणि पाणी ठेवायला मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, डोक्याला दुपट्टा बांधायला लावा, घरी आल्यावर पन्हे द्या. रोडग्यांच्या गोवऱ्या दिवस कलल्यावर पेटवा. मग सकाळी तुम्ही मोकळ्या आहात आणि सासऱ्यांच्या शेजारी उभ्या राहू शकता. नणंदा माहेरपणाला येतात, हे खरे, पण आंबे पिळायला हात लावल्याने त्यांचे माहेरपण काही कमी होत नाही. आणि निखारे सांभाळणे, रोडगे परतणे हे काम आपल्याकडे पुरुषमाणसे पंगतीच्या वेळी हौसेने करतात, तेव्हा घरच्या पुरुषांना ते येत नाही असे म्हणता येणार नाही.

यातले पतींना काय सांगायचे? ते मध्ये पडत नाहीत, कारण एका बाजूला वडील आहेत आणि दुसरीकडे मुलगा. त्यांची अडचण मला समजते. मात्र आजोबा-नातवाचा निरोप्या होण्याचे काम आपोआप सुनेकडे यावे, असा काही नियम नाही. तुम्ही मुलाला जे सांगाल ते त्याला आईची विनवणी वाटेल, आणि सासऱ्यांना जे सांगाल ते त्यांना पोराची वकिली वाटेल. वडिलांशी मुलाने बोलावे आणि मुलाशी बापाने, हे सरळ आहे. संध्याकाळच्या जेवणाचा बदल वडिलांना सांगणे, निदान एवढे एक काम पतींनी अंगावर घ्यावे. त्यात कोणाची बाजू घ्यावी लागत नाही आणि बोलायला सुरुवात तर होते.

अशी पत्रे इतरही घरांतून येतात. कुठे पंधरा ऑगस्टला सून ओसरीवर घरचा झेंडा लावू इच्छिते आणि घरच्यांना तो सरकारी इमारतीपुरताच असतो असे वाटते, कुठे फौजेतून निवृत्त झालेल्या वडिलांना मुलाचे दर सुट्टीला झोपून राहणे सहन होत नाही. त्यांनाही मी हेच सांगेन की, झेंडा कोणी कसा पाहतो यावरून घरातल्या माणसाचे मोजमाप करण्याआधी त्याला तसे का वाटते ते एकदा विचारावे. ज्यांना घरावर तिरंगा लावायचा आहे त्यांनी निःशंक लावावा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नागरिकाचा हक्क मान्य केला आहे. तो फाटका, मळका किंवा उलटा असू नये, एवढी काळजी घ्यावी. आणि ज्याला लावायचा नाही त्याच्यावर सक्ती करू नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की एवढे करूनही सासरे यंदा शाळेत आले नाहीत तर? तर त्यांना ओढून नेऊ नका. मुलानेही त्यासाठी फीत काढल्याचे उपकार दाखवू नयेत. तुम्ही, जाऊबाई आणि जी मुले येतील ती झेंडावंदनाला जा, परत येताना शाळेत मिळालेला खाऊ त्यांच्यासाठी आणा, आणि मुलाला ग्रामसभेला पाठवा. ग्रामसभेत त्याच्या अर्जाचे काय झाले, हे त्याने घरी येऊन आधी आजोबांना सांगावे, त्यांनी विचारले नाही तरी सांगावे. पंधरा ऑगस्टला अजून साडेतीन महिने असतात, आणि त्या दिवशीही शाळेत झेंडा चढतो.